बेळगाव भागातल्या विणकरांत मिसळायचं कसं

बेळगाव जिल्ह्यात विणकाम शिकायचं म्हणून क्लासचा बोर्ड शोधत फिरलात तर हाती फारसं लागणार नाही. इथं विणकाम गल्लीत राहतं, घराच्या पुढच्या खोलीत चालतं, आणि शिकणाराही त्याच वाटेनं आत येतो. कुणाच्या ओळखीनं येतो, हाताला पडेल ते काम करतो आणि मग मागाजवळ बसतो. शहरातून कापूस, लोकर, रंग यांची आवड घेऊन येणाऱ्या मंडळींना ही वाट लांबची वाटते. पण तीच खरी वाट आहे. एकदा तुम्ही गल्लीतले झालात की कोणत्याही वर्गात मिळणार नाही इतकं ज्ञान इथं रोज कानावर पडतं.

आधी कुठं काय चालतं ते नीट समजून घ्या. बेळगाव शहरात शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा पट्टा. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं आणि तिथल्या साडीचं नाव जुनं आहे. आज या पट्ट्यात बहुतेक यंत्रमाग आहेत. खटखट आवाज ऐकून आत गेलात आणि हातमाग शोधू लागलात तर निराशा होईल. हातमागासाठी पूर्वेला रामदुर्ग, सुरेबान या बाजूला जावं लागतं. तिथून पुढं बागलकोट जिल्ह्यात साडीसाठी इलकल आणि खणासाठी, म्हणजे चोळीच्या कापडासाठी, गुळेदगुड्ड आहे. सूतकताई पाहायची असेल तर बेळगावजवळचं हुदली. स्वातंत्र्यसैनिक गंगाधरराव देशपांड्यांच्या प्रयत्नानं तिथं खादीचं काम रुजलं आणि एप्रिल १९३७ मध्ये गांधीजी तिथं येऊन राहिले होते. लोकरीचं, म्हणजे घोंगडीचं जग निराळं. ते निपाणी, चिकोडी, रायबाग, गोकाक या बाजूच्या धनगर-कुरुबांकडं आणि सनगरांकडं, म्हणजे मेंढपाळ आणि घोंगडी विणणाऱ्या समाजांकडं. शिस्तशीर पदविका हवी असेल तर गदगला हातमाग तंत्रज्ञानाची सरकारी संस्था आहे. पण आपल्या विषयाला ती जरा बाजूची.

नवख्या माणसानं यंत्रमागाच्या गल्लीला कमी लेखू नये असं आमचं ठाम मत आहे. सूत ओळखणं, गाठ मारणं, कांडी भरणं, वहिफणी करणं (ताण्याचा, म्हणजे उभा, एकेक दोरा त्याला वर-खाली उचलणाऱ्या वहीतून आणि मग फणीच्या दातांतून ओवणं) ही सगळी कामं दोन्हीकडं एकच. शिवाय बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, संपल्यावर मागावर हात-दीड हात ताण्याचा शेवट उरतो तो यंत्रमागवाले वजनावर देतात. सरावासाठी त्यापेक्षा स्वस्त सूत मिळत नाही.

पहिली भेट

एकट्यानं थेट दारात उभं राहू नका. सूत विकणारा दुकानदार, रंगारी, फणी-वही दुरुस्त करणारा किंवा विणकर सोसायटीचा सेक्रेटरी, यांपैकी एकाकडून निरोप धाडा. या लोकांना कुणाच्या घरी काय विणलं जातं हे पाठ असतं. वेळ दुपारी जेवणानंतरची, तीन-साडेतीनची बरी. सकाळी पाजणीचं (ताण्याला खळ, म्हणजे पेज लावायचं), नाहीतर ताण्याचं काम असतं, त्या वेळी कुणाला बोलायला उसंत नसते. कित्येक घरांत अमावस्येला माग चालवत नाहीत. त्या दिवशी गप्पा निवांत होतात, काम मात्र बघायला मिळत नाही.

वडगाव-शहापुरात मराठी चालते. रामदुर्गाकडं कन्नडशिवाय गाडी पुढं सरकत नाही. मागासाठी 'मग्ग', आडवं सूत घेऊन ये-जा करणाऱ्या धोट्यासाठी 'लाळी', सुतासाठी 'नूलु', ताण्या-बाण्यासाठी, म्हणजे उभ्या-आडव्या सुतासाठी, 'हासु' आणि 'होक्कु', एवढे शब्द आधी तोंडात बसवून जा. बोलताना 'अण्णा', 'अक्का' आणि वाक्याच्या शेवटी 'री' लावायला विसरू नका. विणणारी बाई वयानं लहान असली तरी तिला 'अक्का'च म्हणायचं. मराठी घरात काका, मामा, मावशी, काकी, जे घरातलं पोरगं म्हणतं तेच तुम्ही म्हणा.

पहिल्या भेटीत फोन खिशातच ठेवा. काठाची नक्षी हे त्या घराचं भांडवल आहे. आज काढलेला फोटो उद्या दुसऱ्या गल्लीतल्या यंत्रमागावर उतरतो हे विणकरानं पाहिलेलं असतं. परवानगी मिळाली तर हाताचे, अवजाराचे फोटो काढा. मागावर चढवलेल्या नक्षीचा काढू नका. आणखी एक पथ्य: धोटा चालू असताना मागाच्या डाव्या-उजव्या टोकाला उभं राहायचं नाही. धोटा सुटला तर लोखंडी टोकानं डोळा जाऊ शकतो. नेहमी विणकराच्या पाठीमागं, जरा बाजूला उभं राहा.

पैशाचं आधी बोला

विणकराची मजुरी नगावर, नाहीतर मीटरवर असते. तुमच्याशी बोलायला तो थांबला की त्याचा नग मागं पडतो. म्हणून शिकण्याचं ठरवताना 'फी किती?' असं विचारू नका, त्याचा हिशेब त्याच्याबरोबर बसून करा. एका साडीला किती दिवस लागतात आणि तिची मजुरी किती, एवढं विचारलं की दिवसाची कमाई निघते. समजा चार दिवसांच्या साडीला २००० रुपये मजुरी असेल, तर दिवस ५०० चा झाला. तुम्ही रोज दोन तास त्याचं काम थांबवणार असाल तर आठ तासांच्या दिवसाचा पाव भाग, म्हणजे १२५ रुपये, त्याचं थेट नुकसान. तेवढे तर द्यायचेच, वर शिकवण्याचे म्हणून निदान तितकेच आणखी. ही रक्कम आठवड्याच्या आठवड्याला, घरातल्या ज्या माणसाकडं हिशेब असतो त्याच्या हातात द्या. बहुतेक ठिकाणी ती घरातली बाई असते. कांड्या तीच भरते, आणि तिच्या कामाला वेगळी मजुरी कुणी मोजत नाही. तिच्याकडं शिकणार असाल तर तिच्या नावानं पैसे द्या.

आत घेणारी दोन कामं

मागावर बसायची घाई करू नका. दोन कामं नीट आली की गल्ली तुम्हाला आपोआप बोलावते: कांडी भरणं आणि गाठ मारणं.

कांडी ही धोट्यात बसणारी नळी. रहाटाच्या चातीवर ती घट्ट बसवायची, डाव्या हातात सूत, उजव्या हातानं चाक. नवखा माणूस सूत कांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबच लांब फिरवतो, आणि तिथंच चुकतो. आधी जाड बुडाजवळ सुताची उतरती बैठक करायची, शंकूसारखी. मग दीड-दोन इंचांच्या छोट्या फेऱ्या मारत हळूहळू टोकाकडं सरकायचं. टोकाकडचा अर्धा इंच मोकळा सोडायचा. असं भरलं की विणताना सूत टोकावरून एकेक वेढा सुटतं. लांब फेऱ्यांनी भरलेल्या कांडीत आतला वेढा बाहेरच्याखाली दबतो आणि मागावर मध्येच ओढ बसून दोरा तुटतो. बोटांतला दाबही महत्त्वाचा. कांडी सैल असेल तर चार-पाच वेढे एकदम घसरतात आणि कापडात गुंता दिसतो. फार कडक असेल तर बाणा ताणला जाऊन काठ आत ओढला जातो. अंगठ्यानं दाबून पाहा, खळगा पडता कामा नये. आणि भरलेली कांडी धोट्यात ठेवून दोन्ही बाजूंना घासत नाही ना हे बघूनच टोपलीत टाका. सुती बाणा जाड, दाट बसवायचा असेल तर भरलेल्या कांड्या पाण्यात भिजवून, निथळून वापरतात.

विणकरी गाठ फणीतून न अडकता जाते, म्हणून ती आलीच पाहिजे. साधी गाठ दोन दोरे एकत्र धरून मारली की तिचा गोळा होतो आणि फणीच्या दातात अडकून शेजारचे दोरेही नेतो. विणकरी गाठीची रीत अशी. डाव्या दोऱ्याचं टोक वर, उजव्याचं टोक त्याच्याखालून, अशी फुली करा आणि फुलीवर डावा अंगठा दाबा. आता उजव्या दोऱ्याचा लांब भाग उचला, अंगठ्यावरून फिरवून त्याच्याच आखूड टोकाच्या मागून घ्या आणि डाव्या टोकाच्या पुढून परत आणा. अंगठ्यावर एक फास तयार झाला. डावं आखूड टोक वाकवून त्या फासात खाली घाला, अंगठा काढा आणि उजवा लांब दोरा ओढा. टोकं अर्ध्या सेंटिमीटरवर कापा. फार जवळ कापली तर गाठ निसटते. आधी दोन रंगांच्या जाड सुतळीवर करा, म्हणजे कुठला दोरा कुठून गेला ते डोळ्यांना दिसतं. नंतर बारीक सुतावर डोळे न लावता जमेपर्यंत करत राहा.

हंगाम बघून जा

बेळगावात जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो. खळ वाळत नाही, रस्त्यावर ताणा पसरता येत नाही, खळ लावलेल्या सुताला बुरशी धरते. पाजणी शिकायची असेल तर पावसाळ्यात येऊन उपयोग नाही. त्या दिवसांत रहाट, कांड्या, गाठी आणि कागदावरची नक्षी शिका. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत सुती ताणा ठिसूळ होऊन सारखा तुटतो. म्हणूनच खड्डामागाच्या (खड्ड्यात पाय सोडून विणायच्या मागाच्या) खोलीची जमीन मातीची राखतात, तिथं पाणी शिंपडलं की सुताला ओल मिळते. अशा खोलीत फरशी बसवायचा सल्ला देऊ नका.

सणावारी घरी जाणं हा ओळखीचा मोठा भाग. खंडेनवमीला मागाची पूजा होते, त्या दिवशी माग बंद. विणकरांतली स्वकुळ साळी मंडळी श्रावण शुद्ध त्रयोदशीला जिव्हेश्वर जयंती करतात. देवांग या दुसऱ्या विणकर समाजाची कुलदेवता बदामीजवळची बनशंकरी, तिची जत्रा पौषी पौर्णिमेला भरते. या दिवशी नारळ-फुलं घेऊन गेलात तर शिकायला आलेला परका माणूस ही ओळख पुसली जाते.

स्वतःचा पहिला ताणा

दोन-तीन महिन्यांनी मागावर आपला ताणा चढवायची परवानगी मिळेल. साडी, खण यांच्या वाटेला जाऊ नका. इलकलमध्ये पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासात फास घालून जोडतात. ते शिकायला वर्षं लागतात. पहिल्यांदा साधा पंचा विणा. हिशेब पूर्ण देतो, कारण सुताचा अंदाज चुकणं हेच नवख्यांचं सगळ्यांत मोठं दुखणं आहे.

रुंदी २४ इंच, फणी ४० ची, दर दातात दोन दोरे. फणीचा नंबर म्हणजे दोन इंचांतले दात, त्यामुळं दातात दोन दोरे घेतले की इंचाला ४० दोरे होतात. २४ गुणिले ४० म्हणजे ९६० दोरे. दीड मीटरचे पाच पंचे म्हणजे साडेसात मीटर. त्यात विणताना आखडणारा भाग, सुरुवातीची बांधणी, शेवटी मागावर राहणारा तुकडा आणि एका सरावाच्या तुकड्याची जागा धरून ताणा १० मीटरचा घ्या. एकूण ९६०० मीटर सूत झालं.

सुती सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात तो आकडा. ८४० वार म्हणजे ७६८ मीटर. ताण्याला दोन-चाळीस सूत घ्या. चाळीस नंबरचे दोन दोरे पिळलेले, म्हणजे जाडीला २० नंबर. एका पौंडात (४५४ ग्रॅम) १५,३६० मीटर, ग्रॅमला जवळजवळ ३४ मीटर. म्हणून ९६०० मीटरला सुमारे २८५ ग्रॅम. तूटफूट धरून ३२० ग्रॅम घ्या. बाण्याला २० नंबर एकेरी, इंचाला ३६ फेऱ्या धरल्या तर २१० ग्रॅमच्या आसपास लागेल, २४० घ्या. रंगीत सूत असेल तर सगळं एकाच वेळी, एकाच रंगवणीचं घ्या. पुढच्या वेळी तोच रंग पुन्हा मिळेल या भरवशावर राहू नका. धुतल्यावर पंचा रुंदीला २२ इंचांवर येईल, लांबीलाही कमी होईल. ते गृहीत धरा.

ताणा करताना एकाआड एक दोरा वर-खाली घेऊन फुली धरावी लागते. ती फुली हीच सगळ्या ताण्याची जीवनदोरी. ताणा खुंट्यांवरून काढण्याआधी फुलीच्या दोन्ही बाजूंनी दोरी ओवून घट्ट बांधा. फुली सुटली की ९६० दोऱ्यांचा क्रम गेला, आणि तो परत लावण्यापेक्षा नवीन ताणा करणं परवडतं. दर ४० दोऱ्यांवर रंगीत दोऱ्याचा वेढा द्या, म्हणजे मोजणी चुकत नाही.

वहिफणी दोघांनी करायची. एक जण मागून दोरा देतो, दुसरा पुढून वहीतून आणि फणीतून ओढतो. चार वह्या असतील तर १, २, ३, ४ असाच क्रम, आणि साध्या विणीला १-३ एका पावडीवर (पायानं दाबायच्या पट्टीवर), २-४ दुसऱ्या पावडीवर. नवख्या जोडीला पूर्ण दिवस लागतो. दर ४० दोऱ्यांनंतर थांबून तपासा. एक दोरा चुकीच्या वहीत गेला तर कापडात सरळ उभी रेघ उमटते आणि तोपर्यंतचं सगळं उसवावं लागतं. दोन्ही काठांच्या शेवटच्या चार दातांत दोनऐवजी चार दोरे भरा, म्हणजे काठ तग धरतो. हे जादा १६ दोरे वरच्या ९६० शिवाय वेगळे धरायचे.

विणताना पुढं दिसणाऱ्या बहुतेक चुका तीन ठिकाणांहून येतात. काठ आत ओढला जातो, कारण बाणा सरळ घट्ट टाकला जातो. धोटा गेल्यावर बाणा ताण्याच्या उघड्या फटीत जरा तिरपा सोडून मग हत्त्या (फणी बसवलेली चौकट) मारला की त्याला वर-खाली वळायला सूत मिळतं. काठाचे दोरे सारखे तुटतात, कारण काठ आत आल्यानं ते फणीच्या दातांवर तिरपे घासतात. म्हणजे दोष पुन्हा त्या घट्ट बाण्याचाच. आणि कापडाचा एक भाग फुगतो, कारण बीमवर गुंडाळताना तिथला ताण सैल राहिला. गुंडाळताना दर वेढ्याला जाड कागद घाला आणि ताणा दोघांनी सारखा ओढून धरा. एकदा बीमवर सैल बसलेला ताणा पुढं मागावर सुधारत नाही.

लोकरीकडं वळायचं असेल तर

दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बहुतेक काळी. मऊ शालीची अपेक्षा ठेवून गेलात तर तिचं मोल कळणार नाही. पाऊस-थंडी अडवणारं, वर्षानुवर्षं टिकणारं घोंगडं हेच तिचं खरं रूप. मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जावळ, सगळ्यांत मऊ. ती हवी असेल तर कातरणीच्या आधीच धनगरमामांकडं शब्द टाकून ठेवा. ओळखी करायला पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा चांगली. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव निपाणीहून लांब नाही, आणि ऑक्टोबरच्या सुमारास दोन्ही राज्यांतली धनगर मंडळी तिथं जमतात.

घरी आणलेली लोकर आधी उन्हात झटकून काटे-कुसळ हातानं वेचा. एक किलो लोकरीला २० लिटर कोमट पाणी आणि १०० ग्रॅम रिठे, रात्री भिजवून उकळून गाळलेले. लोकर पाण्यात दाबून अर्धा तास तशीच ठेवा, चोळू नका, पिळू नका. गरम पाण्यातून काढून एकदम गारात टाकली किंवा घुसळली तर तंतू एकमेकांत रुतून गोळा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. त्याच ऊबेच्या पाण्यानं दोनदा खंगाळून सावलीत वाळवा. आधी आणि नंतर वजन करा. किती माती गेली ते कळतं आणि पुढची खरेदी शहाणपणानं होते. साठवताना कडुनिंबाचा पाला घाला, महिन्याला एकदा ऊन दाखवा, नाहीतर कसर लागते.

घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लागते. चिंचोके भाजून टरफलं काढायची, रात्रभर भिजवायचे, वाटून पाण्यात शिजवायचे. पसरलेल्या ताण्यावर ही खळ कुंच्यानं एकाच दिशेनं ओढतात, म्हणजे लोकरीचे उभे केस दोऱ्यावर बसतात आणि विणताना शेजारच्या दोऱ्याला धरत नाहीत. खळ शिजवली त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी ती आंबते. खळीच्या ताण्याला उंदीर लागतात, म्हणून रात्री तो उघड्यावर ठेवू नये.

आपला गट आणि कागदपत्रं

सहा-सात जण जमले की एक रहाट, एक ताण्याची चौकट, दोन-तीन नंबरांच्या फण्या आणि एक वजनकाटा सामाईक घेता येतो. माग मात्र ज्याचा त्याचा असावा. सामाईक मागावर एकाचा ताणा अडकला की बाकीचे महिनाभर बसून राहतात. सूत एकत्र घेतलं तर बाचक्याच्या भावात पडतं, पण वाटणी लड्या मोजून नको, वजनावर करा. प्रत्येक ताण्याची वहीत नोंद ठेवा: सुताचा नंबर, फणी, दोरे, लांबी, उरलेलं वजन, धुतल्यावरची मापं. नोंदणीकृत संस्थेची घाई नको. कर्नाटकात त्यासाठी किमान ७ सदस्य लागतात, आणि वर्षभर टिकलेल्या गटालाच तो व्याप झेपतो.

विणकर ओळखपत्र आणि राज्य सरकारची 'नेकार सम्मान' मदत ही विणकामावर पोट असणाऱ्यांसाठी आहे. हौसेनं विणणाऱ्यानं त्यासाठी अर्ज करू नये. पण तुम्हाला कन्नड वाचता येत असेल आणि सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज भरता येत असतील, तर गल्लीत तुमची गरज आहे. आधार आणि बँकेच्या पासबुकावर नावाचं स्पेलिंग वेगळं असणं, खातं आधारला जोडलेलं नसणं, यांत कित्येक मराठी घरांचे अर्ज अडकतात. अर्ज भरण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. फरक असेल तर आधी बँकेत दुरुस्त करून घ्या, मगच अर्ज भरा. पोच क्रमांक त्यांच्या घरच्या वहीत तुमच्या हातानं लिहून द्या.